कुठलं औषध चालू आहे

प्रिय,
पुढे नाव लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच प्रिय.

परवा शेवटी तपासून घेतलं. तू मागे लागायचीस तेव्हा ‘माझ्यात काय खोट आहे’ म्हणून उडवून लावायचो. मूल नाही म्हणून आईने तुला माहेरी धाडलं, तेव्हाही गप्प बसलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कुठलं औषध चालू आहे?”
मी म्हटलं, “रोजचंच. पाठीवर पंप घेऊन गुलाबांवर मारतो.”
त्या हसल्या नाहीत. शुक्राणू नावालाच आहेत, हार्मोनही कमी झालेत. बंद पॉलीहाऊसमध्ये इतकी वर्षं मास्कशिवाय फवारल्याने असं होऊ शकतं, म्हणाल्या.

माझा शर्ट तू वेगळ्या बादलीत भिजवायचीस, त्याचाही मला राग यायचा. आता मीही वेगळाच भिजवतो, आणि बादलीपाशी उगाच बसून राहतो.

तुझ्या कडेवर आता मुलगी आहे म्हणे. तुझ्या नव्या सासरी हे पत्र नको, म्हणून पाठवणार नाही. पण तुझ्या उशाशी मूल व्हावं म्हणून आणलेल्या त्या बाटल्या असायच्या, तोंड वाकडं करून चमचाचमचा घ्यायचीस. सहा वर्षं औषध तू गिळलंस, आणि भिनत माझ्यात होतं.

तुझा म्हणवत नाही,
पण दुसऱ्या कुणाचा न झालेला