तिसरी नळी

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरेच दिवस तुला पत्र नाही, क्षमा कर. कामाचा रगाडा होता हे खरं, पण कारण ते नव्हे. रुग्णालयाकडून कळण्याआधी मी तुला काही लिहिणं बरोबर नव्हतं. आता कळलं असेल: ज्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी तुझं नाव घेतलं होतं, ती थांबली आहे. थांबवणारा अहवाल माझा आहे.

आम्ही बोटाएवढ्या पारदर्शक पट्टीत केसासारखी नळी कोरतो, तिच्यात माणसाच्या रक्तवाहिनीच्या पेशींचं अस्तर वाढवतो आणि पंपाने रक्तासारखा द्रव खेळवतो. मग औषध सोडून बघायचं, अस्तर टिकतं का. उंदरांना या औषधाने काही झालं नव्हतं. आमच्या तिन्ही नळ्या गळल्या.

बोटांची आग कशी आहे? खरं लिही. लोभ राहील ना, हे या वेळी विचारावंच लागतंय.

तुझी,
ठकी

१२ नोव्हेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

म्हणजे माझ्या ताटातला घास तूच ओढलास! लहानपणची खोड गेली नाही म्हणायची. ह्यांचं मत, धाकटीने ताईचा जीव वाचवला. मी म्हटलं, जीव ज्याचा त्याला विचारा.

हे अक्षर ह्यांचं आहे, कारण मला पेन धरवत नाही. वाहिन्यांची सूज वाढली आहे. जुन्या गोळ्या आता लागू पडत नाहीत. असंच चाललं तर दोन बोटं काढावी लागतील, असं डॉक्टर म्हणतात.

तूच मागे सांगितलं होतंस की नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर अस्तर खरवडून निघतं. तसंच झालं नसेल कशावरून? पुन्हा बघ. माझ्यासाठी बघ.

आशीर्वाद आहेतच, सध्या जरा मोजून.

ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुन्हा बघितलं. पहिल्या नळीच्या चित्रणात बुडबुडा स्पष्ट आहे. तो माझ्या नजरेतून सुटला होता. दुसरीत एक सावली आहे. तुझं पत्र येण्याआधी मी तिला भिंगावरचा डाग म्हटलं असतं, आता ती बुडबुड्यासारखी दिसते. तिसरी नळी स्वच्छ आहे आणि तरी गळली आहे. तिच्यातही मी दुपारभर बुडबुडा शोधत बसले.

म्हणून या कामाला मी आता लायक नाही. नळ्यांची चाचणी नव्याने व्हायला हवी, आणि कुठल्या नळीत औषध आहे हे माहीत नसलेल्या माणसाने ती बघायला हवी. त्यात आठवडे जातील. तोवर तुझी बोटं थांबतील का, मला ठाऊक नाही. हे कळून-सवरून करते आहे.

भावजींना नमस्कार. राग असू दे, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी,
ठकी

(ठकीच्या वहीत, त्याच रात्री) उद्याचं काम: साहेबांना सांगायचं, औषधाच्या चाचणीसाठी नावं घेतलेल्यांच्या यादीतली एक बाई माझी ताई आहे.