निलूच्या खिडकीतली माळ

प्रिय निलू,

तुझ्याविषयी एक गोष्ट मी तुला न विचारता ठरवून टाकली आहे. आईला तसा शब्दही देऊन बसले आहे. तू असतास तर तोंड वाकडं करून म्हणाला असतास, "अक्का, माझं सगळं तूच ठरवत जा." लहानपणी तुझ्या शर्टांचे रंग मी ठरवायचे, त्याचा राग तू कॉलेजात जाईपर्यंत धरून होतास. म्हणून या वेळी निदान कळवावं, असं वाटलं. अक्षय्य तृतीयेची आखाजी करायला गावी गेले होते, कालच धुळ्याला परत आले. शाळेला सुट्टी आहे, तुझे दाजी कामावर गेले आहेत, तेव्हा बसले लिहायला.

सुरुवात तुझ्या माळेपासून करावी लागेल.

आठवतं का रे, जळगावच्या होस्टेलवरून तू मला पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर खोली दाखवलीस ते? नाताळ जवळ आला होता. तुझ्या खोलीतला जेकब नवापूरकडचा, त्याने घरून कागदी तारा आणला होता. आणि तू बाजारातून पिवळ्या दिव्यांची ही लांबलचक माळ आणलीस. खिडकी, कपाट, दोघांच्या खाटांचे लोखंडी दांडे, सगळीकडून ती फिरवली होतीत. रेक्टरला दिसू नये म्हणून वायर गादीखालून नेली होती. मी त्यावरून तुला झापत होते आणि तू मोबाइल फिरवून फिरवून माळच दाखवत होतास.

"अक्का, ही माळ भलती विसरभोळी आहे," तू म्हणालास. "लाईट गेली की सगळं विसरते. परत आली की धडाधड लुकलुकायला लागते, डोकं उठतं. मग बटण दाबून दाबून तिला पुन्हा हळू व्हायला शिकवावं लागतं."

हळू, म्हणजे सावकाश उजळायचं आणि सावकाश मावळायचं. तुला तेवढी एकच चाल आवडायची. बाकीच्या सगळ्या चाली तू लग्नाच्या मंडपात जमा केल्या होत्यास. मग दिवाळीला तीच माळ गावी आली. श्रावणात कानबाई देवी बसली, तेव्हा तिच्या पुढ्यातही तीच. लाईट आली रे आली की तू जेवणावरून उठून, खरकट्या हाताने ते बटण दाबायला पळायचास. आई ओरडायची, "भाऊ, ताट सोडीसन नको जाऊ." तुला कुठे ऐकू यायचं?

गेल्या नाताळात तू घरी यायला निघालास आणि एरंडोलच्या अलीकडेच राहिलास. हेल्मेट मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेलं होतं. डोक्याला त्याचं ओझं होत होतं का तुझ्या? मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, आणि हा राग मी सोडणार नाही. माझ्याकडे तुझं म्हणून तेवढंच ताजं उरलंय.

तुझं सामान जेकब घेऊन आला. पेटी, गादी, पुस्तकं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली माळ. मी म्हटलं, माळ तू ठेव, दोघांनी मिळून लावली होतीत. त्याने मान हलवली. "नको अक्का. खोलीत ठेवायला बरं नाही वाटत." मला वाटलं, मित्र गेल्याचं दुःख आहे.

आईने ती माळ दहाव्याच्याही आधी तुझ्या खिडकीला लावली. कोणी अडवणार होतं तिला? दुखवट्याच्या घरात वर्षभर सण नसतो, दारात साधी पणती लावताना लोक विचार करतात, आणि आपल्या घराची एक खिडकी दिवेलागणीपासून पिवळी. संक्रांत गेली, होळी गेली. स्टँडकडून येणारी माणसं आपल्या घरापाशी आली की बोलणं थांबवायची आणि पुढे जाऊन पुन्हा सुरू करायची. आबांना ते ऐकू यायचं. ते ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसायला लागले.

मी संक्रांतीनंतर गेले, तेव्हा आईने मला तुझ्या खोलीच्या दारात उभं केलं. संध्याकाळ होती आणि लाईट गेलेली होती. "थांब जराशी," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता, जणू आत कोणी आजारी आहे. लाईट आली. माळ लागली. आणि लागली ती हळू. सावकाश उजळली, सावकाश मावळली.

"दख," आई म्हणाली. "भाऊनी हळू करी दिधी."

पण मी शाळेत विज्ञान शिकवते ना रे, मला गप्प बसवलं नाही. मी म्हटलं, बटणाच्या डब्यात काही बिघाड झाला असेल. धुळ्याहून पुढच्या खेपेला अगदी तशीच नवी माळ नेली. एकाच बोर्डावर दोन्ही लावल्या, खटका बंद केला, चालू केला. नवी माळ धडाधड लुकलुकायला लागली. तुझी हळू. पुन्हा केलं. पुन्हा तेच. आईवर संशय आला, म्हणून एका दुपारी तिला माझ्याजवळ ओट्यावर गहू निवडायला बसवलं. आबा शेतात होते, घरात कोणी नव्हतं. लाईट गेली, आली, मी आईचा हात धरूनच आत गेले. खिडकी बंद होती, पडदा ओढलेला होता, आणि त्या अंधारात तुझी माळ सावकाश उजळत होती. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने फक्त दार अर्धं लोटलं आणि म्हणाली, "हळू बोल. तो झोपेल शे."

त्या संध्याकाळी मी एकटी तुझ्या खाटेवर बसले. बराच वेळ बसल्यावर ध्यानात आलं की माझा श्वास माळेबरोबर चाललाय. ती उजळते तेव्हा मी आत घेते, मावळते तेव्हा सोडते. मी मुद्दाम श्वास रोखून धरला. माळ उजळली आणि तशीच राहिली. मावळेचना. मला गुदमरायला झालं, मी श्वास सोडला, आणि तेव्हा कुठे ती मावळली. निलू, तूच होतास ना? अक्काची मस्करी करायची ती वेळ होती का? मी चप्पल न घालता अंगणात आले आणि जेकबला फोन लावला. मी माळेचं नाव काढलं. तो म्हणाला, "तुमच्याकडेपण?"

मी फोन ठेवून दिला. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

आता आखाजीचं सांगते. तुला माहीतच आहे, वर्षभरात माणूस गेलं की त्या आखाजीला त्याच्या नावाची घागर भरायची, वर डांगराचं फळ ठेवायचं, आणि उंबरठ्यावर पितरांची नावं घेत कुंकवाची बोटं उमटवताना शेवटी त्याचं नाव घ्यायचं. तेवढं झालं की तो पितरांत गेला. नाही झालं तर तो ना घरातला, ना पितरांतला. आबांनी आठ दिवस आधी घागर आणून ठेवली होती. आई तिला हात लावेना.

"घागर भरनी पडी," आबा म्हणाले. "पोऱ्याले असा दारमा उभा नको ठेवू."

"दारमा नही तो, घरमा शे," आई म्हणाली आणि पुरणाला लागली.

आम्हाला वाटत होतं, आईचं डोकं ठिकाणावर नाही. आबांनी मला बाजूला घेऊन तसं सांगितलंही. ती जेवते ती लाईट आल्यावर, निजते ती माळ बघून, बाजारात म्हणून जात नाही. आपल्यामागे घरात कोणी माळ बंद करेल, ही भीती. तू गेलास ते एक, आणि ही चालती-बोलती बाई आमच्यादेखत तुझ्यामागे चालली होती. मला तुझा राग आला. तुला ती इतकी आवडत होती, मग तिला सोडत का नव्हतास?

आखाजीला सकाळी आई उंबरठ्यापाशी बसली. पणजोबांचं नाव घेतलं, बोट लावलं. आजोबांचं घेतलं, आजीचं घेतलं. मग बोट कुंकवात बुडवून ती तशीच थांबली. आबा घागर घेऊन मागे उभे. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, आई, आता त्याचं घे. तेव्हा ती बोलली. मला वाटलं होतं रडेल. ती अगदी शांतपणे बोलली.

"नाव लिधं का तो पितरेसमा गया. मंग दरसाल नाव लेनं पडस. आम्ही दोन्ही जासूत, मंग तेनं नाव कोन ली? ना बायको, ना पोरं. उपाशी फिरी तो. त्यापेक्षा आते शे तसा ऱ्हाऊ दे. माळपाशी तरी शे."

बघ. तिचं डोकं पूर्ण ठिकाणावर होतं. तू गेलास हे आमच्या सगळ्यांच्या आधी तिला पटलं होतं. पुढच्या वर्षांचा विचार आमच्यापैकी एकटीच करत होती ती, तुझ्या जेवणाचा विचार, तू होतास तेव्हा करायची तसाच.

"मी लिसू," मी म्हटलं. विचार न करता म्हटलं.

"आपलामा लेक माहेरना पितरेसनं नाव लेत नही," आबा मागून म्हणाले. म्हणाले खरे, पण त्यात जोर नव्हता. मी त्यांच्याकडे वळून बघितलं तर ते घागरीवरच्या डांगराकडे बघत होते.

"मना उंबरठा शे ना धुळाले," मी आईला म्हटलं. "तठे लिसू. मी शे तवलोंग."

आईने माझ्याकडे बघितलं. मग तिने तुझं पूर्ण नाव घेतलं, आबांच्या नावासकट, आणि बोट टेकवलं. ते लवकर उचललं नाही. आबांनी घागर ठेवली. पाणी हिंदकळून उंबरठा ओला झाला, पण तुझं बोट पुसलं गेलं नाही.

त्या दुपारी आमरस-पुरणपोळीचं जेवण चाललेलं असताना लाईट गेली आणि आली. आम्ही तिघांनी एकदम तुझ्या खोलीकडे बघितलं. माळ धडाधड लुकलुकत होती. सगळं विसरून, अगदी बाजारातून आणल्यासारखी. मला रडू फुटलं. आबांनी ताटावरून हात काढून घेतला. आई मात्र उठली, खरकट्या हातानेच आत गेली आणि डब्यावरचं बटण शोधायला लागली. तिने ते यापूर्वी कधी दाबलेलं नव्हतं, तिला सापडेना. मी सांगायला उठले तर म्हणाली, "बस तू. आते मीच शिकाडसू हिले." बऱ्याच चुकीच्या चाली झाल्या. मग ती हळूची चाल आली आणि आई परत येऊन जेवायला बसली. तिने दुसऱ्यांदा रस मागून घेतला. संध्याकाळी ती शेजारच्या काकूंकडे अंगणात गप्पा मारायला गेली, माळ चालू ठेवून.

तू गेलास, हे मला तेव्हा कळलं. कुठे गेलास, ते मात्र काल कळलं.

काल दुपारी धुळ्याच्या घरी पोचले, तर सासूबाई दारातच. "बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "हे बघ गं. काल आपल्या माणसांची नावं घेऊन बोटं लावली. तुझ्या सासऱ्यांपाशी थांबले मी, त्यांच्यानंतर आपल्याकडे कोणी गेलेलं नाही. मग हे पुढचं कोणाचं? मुलाला विचारलं, तो म्हणतो मी कशाला लावू."

मी पिशव्या खाली ठेवून वाकले. सासूबाईंनी लावलेली बोटं वाळून काळपट झाली होती, बारीक, म्हाताऱ्या बाईच्या बोटांची. त्यांच्यापुढे थोडं अंतर सोडून एक बोट होतं. रुंद, पुरुषाचं. कुंकू अजून ओलं होतं. मी हात लावून बघितला नाही.

"पुसू का?" सासूबाईंनी विचारलं.

"पुसू नका," मी म्हटलं. "आमच्या निलूचं आहे." मग पदर डोक्यावर घेऊन त्यांनी त्या बोटाला नमस्कार केला आणि मला चहा टाकायला आत गेल्या. किती चांगली बाई आहे बघ, आणि तू तिला उगाच खाष्ट म्हणायचास.

तर शब्द असा आहे, निलू. आई-आबा आहेत तोवर तिकडे आई तुझं नाव घेईल. त्यांच्यानंतर इकडे मी घेईन, परक्या ओळीत का होईना. माझ्यानंतर कोण घेईल ते मला ठाऊक नाही, त्याचा खोटा शब्द मी देत नाही. पण मी आहे तोवर दर आखाजीला सकाळी दारात बसेन, तुझं नाव रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं घेईन, आणि तुझ्यासाठी ताट वाढेन. तू हाकेची वाट बघ. उशीर झाला तरी बघ. पण पुन्हा स्वतःच्या हाताने बोट लावू नकोस. ते आम्ही मागे राहिलेल्यांनी करायचं असतं.

तुझी,
अक्का