ओढून ताणून लिहिलेली ‘शिलाई’

दादास,

उभ्यानेच नमस्कार. वाकून केला असता, पण एकदा वाकले की सरळ व्हायला कंबर अर्धा तास मागते. हात कसा आहे? (वहिनीलाच विचारतेय असं समज, तू खरं सांगणार नाहीस.) फोनवर येत नाहीस, म्हणून हा कागद.

माझ्या दुकानाचा तू रंगवलेला बोर्ड गंजून खाली पडला. कुणाच्या डोक्यात नाही, माझं नशीब. मग गेले कॉम्प्युटरवाल्याकडे. म्हटलं, ‘शिलाई’ एवढंच लिही, पण रुंद, पुढे झुकलेलं, शेपट्या नकोत, नक्षी नको, रेघ सगळीकडे एका जाडीची. तो म्हणतो, “मावशी, हे तर एकदम मॉडर्न!” म्हटलं, “तुझ्या जन्माआधी माझ्या भावाने शहरातल्या सगळ्या बसगाड्यांवर असंच अक्षर काढलंय. बस उभी असली तरी निघाल्यासारखी दिसायची.” (एक बाई उभ्या बसमागे धावली होती, आठवतं?)

त्याने काय केलं, साधं अक्षर घेतलं आणि दोन्ही बाजूंनी खेचलं. झालं! उभ्या रेघा सुजल्या, आडव्या वाळल्या. म्हटलं, अरे, तोकडा कपडा ओढून कुणाला बसतो का? मुळातच मोठा बेतावा लागतो. हसला, आणि छापून मोकळा. तिरकं तर इतकं केलं, की शेजारच्या किल्लीवाल्याला वाटलं बोर्डच कलंडलाय. मी जेवायला गेले तेवढ्यात त्या भल्या माणसाने शिडी लावून बोर्ड दुसऱ्या बाजूला कलता ठोकला. आता अक्षरं सरळ आणि दुकान पडायला आलेलं! गिऱ्हाइकं मान वाकडी करून आत येतात.

तुझं काम आठवलं. दुसरीतून माझी शाळा सुटली तेव्हा मी तुझी शिडी धरायचे. तू मला रस्त्यापलीकडे पिटाळायचास, “लांबून वाच.” मला वाचता कुठे येत होतं! नुसती मान डोलवायचे. ते तुला कळलं, तेव्हा त्या दिवशीचं काम टाकून फुटपाथवर खडूने मोठ्ठी अक्षरं काढत बसलास. म्हणालास, “अक्षराला ओढायचं नसतं, ऐसपैस बसू द्यायचं. मग ते आपणहून बोलतं.” बोललं बाबा. अजून माझं अक्षर तुझ्या बसगाड्यांसारखं पुढे झुकतं, बघ.

तुझी धाकटी

ता. क. बोर्डाचं मनाला लावून घेऊ नकोस. चालतंय तसं.

आणखी एक. चालत नाही. काल उतरवला. पत्र्याला पांढरा रंग देऊन ठेवलाय. तू रागाने माझ्याकडे टाकून गेलेले ब्रश धुतलेत. हात थरथरतो म्हणून तू ते काम कायमचं सोडलंस म्हणे, वहिनी सांगत होती. ये. रेघ हलली तर हलू दे, माझी शिवण तरी हल्ली कुठे सरळ येते! शिडी किल्लीवाला धरील (हातोडा काढून घेतलाय). मी रस्त्यापलीकडे उभी राहते. या वेळी खरंच वाचीन.