हरजाई कुणाला म्हणावं

२६ ऑक्टोबर, रविवार
कोंढ्याच्या मंडईतून, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतून, आत्ताच परतलो. डोकं तापलंय. मंडईत माणसं दंडारीचं नाटक बघायला जातात, मुली बघायला जातात, शिव्या खायला कुणी जात नाही. गेल्या वर्षीच्या मंडईत जिला बघून मी ‘कळवतो’ म्हणालो होतो, ती रीता जिलेबीच्या दुकानापाशी उभी होती. मी सहज केसांवरून हात फिरवला. ती मैत्रिणीला म्हणाली, ‘आला पाहा हरजाई.’ मला. सानगडी ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरला. ‘कळवतो’ म्हटलं म्हणजे कळवणारच होतो. वर्षभर वेळ मिळाला नाही.
संकल्प: तिच्याकडून माफी. तोवर कोंढ्यात पाणीसुद्धा पिणार नाही. (जिलेबी आधीच खाल्ली होती.)

२७ ऑक्टोबर
मोबाईलवर अर्थ पाहिला. ‘ज्याचं प्रेम एका जागी टिकत नाही असा.’ मोबाईलवर काहीही लिहितात.

२८ ऑक्टोबर
निर्मलाबाईंकडे गेलो. शाळेत हिंदी शिकवायच्या. रिटायर झाल्या, खडूसपणा गेला नाही. म्हणाल्या, शब्द फारसीतून आला. हर म्हणजे प्रत्येक, जा म्हणजे जागा. ‘जो हर जागी जीव लावते अन् कुठीच टिकत नाही, थो हरजाई.’ वर म्हणाल्या, ‘नववीत तू दर महिन्याले बाक बदलवत होता, मले ध्यानात आहे.’ बाईंना विषय सोडून बोलायची सवयच आहे.
मी स्वतः विचार केला. ज्याला प्रत्येक जागी जागा आहे, तो हरजाई. म्हणजे सर्वमान्य. शिवाय असा शब्द कोण वापरणार? जिचा जीव अडकलाय तीच. बिचारी वर्षभर झुरतेय.
नवा संकल्प: तिनं माफी मागितली की लगेच हो म्हणायचं. रीता म्हणजे रीता. फायनल.

२ नोव्हेंबर, रविवार
आईबरोबर नाकाडोंगरीची मंडई. तृप्ती नावाची मुलगी पाहिली. बी.एस्सी. चहा एक नंबर. मागचा संकल्प रागाच्या भरात केला होता, तो धरायचा नाही. तृप्तीच फायनल. ‘कळवतो’ म्हणालो.

४ नोव्हेंबर
शब्दकोश पाहायला साकोलीच्या लायब्ररीत. हर्षा नावाच्या मॅडमनी कोश काढून दिला. किती हळुवार पानं उलटतात. नीट आठवलं तर तृप्तीचा चहा जरा जास्तच गोड होता. अर्थ पाहायचा राहिला.

५ नोव्हेंबर
पुन्हा लायब्ररी. हर्षा मॅडमची ओढणी सरकली, खाली मंगळसूत्र. लोकांची ही अशी फसवणूक चालते. कोशात निर्मलाबाईंनी सांगितलेलाच अर्थ निघाला. कोशही जुनाट आहे.
शेवटी रीताच खरी.

७ नोव्हेंबर
रविवारी कोंढ्याला जाणार. शर्ट इस्त्रीला टाकला. आई म्हणाली, ‘नको जाऊ बापू.’ आईला काय कळतं? मुलीकडचा फोन आला की आतल्या खोलीत जाऊन हळू बोलते. या बाईला कुणाला काही ठणकावून सांगता येत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
रीता शेजाऱ्याच्या वाडीतून बकरी ओढत आणत होती. मी तिला शब्दाचा अर्थ सांगितला, फारसी उगम सांगितला, माफी मागितली तर माझा होकार आहे हेही सांगितलं. तिनं दोर न सोडता सगळं ऐकलं. म्हणाली, ‘म्हटलं असन बापा. या बकरीलेही रोजच म्हणतो. जिथं हिरवं दिसलं तिथं तोंड घालते.’
मी म्हणालो, वर्षभराचा राग आता सोड. ती म्हणाली, ‘राग कायचा? मी त मागच्याच मंडईले नाही म्हणून सांगतलं. बाबानं तुमच्या आईले फोन केला होता.’
पाणी विचारलं. प्यायलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
आई तांदूळ निवडत होती. विचारलं. म्हणाली, हो, रीतानं नाही म्हटलं होतं. तृप्तीकडूनही दुसऱ्याच दिवशी ‘नाही’ आलं. आधीच्या मुलींचंही तेच. मग मला का नाही सांगितलंस, म्हणालो. सुपावरून मान वर न करता म्हणाली, ‘तूच नाही म्हणून राहिला असं तुले वाटे. म्हटलं, वाटू दे पोराले.’

१० नोव्हेंबर
पुढच्या रविवारी आमच्या गावची मंडई. पाहुणे येतील, मुली येतील. आईला बजावलं, यापुढे फोन आला की माझ्यासमोर बोलायचं.
थोड्या वेळानं तिला म्हणालो, नको, आतच घेत जा.