गाडीखालची भोकं

बाबा, काल तुमच्या नातीने कॅनडाहून फोन करून विचारलं, की गाडीच्या पोटाला काय लावायचं. तिने तिथे जुनी गाडी घेतली आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून तिथले लोक रस्त्यावर चक्क मीठ टाकतात, आणि ते चिखलाबरोबर उडून खालून पत्रा खातं. हे ऐकून तुम्ही पोट धरून हसला असतात. आपल्याकडे हे काम समुद्र फुकटात करायचा. तुमच्या औषधांच्या दुकानापासून घरापर्यंतचा सगळा रस्ता किनाऱ्याने होता. वाऱ्याच्या दिवसांत तुम्ही घरी आलात की गाडीच्या काचेवरून बोट फिरवून जिभेला लावायचात आणि आईला सांगायचात, आज आमटीत मीठ जरा कमीच घाल. ती म्हणायची, आधी हात धुवा.

पाऊस संपला की तुमचा तो रविवार यायचा. विहिरीच्या पाण्याने गाडी खालून धुवायची, दोन दिवस उन्हात वाळवायची, मग पुढची चाकं चिऱ्यांवर चढवून तुम्ही गोणपाट अंथरून आत शिरायचात. जुन्या ऑइलमध्ये ग्रीस कालवलेला डबा, एक झिजलेला ब्रश, आणि बाहेर दिसणारे तुमचे फक्त पाय. संध्याकाळी आई तुम्हाला स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. मागच्या पायरीवर बसून रॉकेल आणि बेसनाने हात चोळायचात आणि तिथेच पोहे खायचात. मला तेव्हा त्या वासाची लाज वाटायची. मित्र आले की मी त्यांना पुढच्या दारानेच आत न्यायचो.

सिंगापूरला नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी आलो तेव्हा तुमची साठी उलटली होती आणि तुम्ही अजून गाडीखाली गोणपाटावर आडवे होत होतात. मी ठरवलं, बास झालं हे. गाडी रत्नागिरीला नेली, एका चकचकीत वर्कशॉपमध्ये. त्यांनी ती यंत्राने वर उचलली आणि खालून जाड काळं रबरासारखं कोटिंग मारायला घेतलं. तुम्ही मान वर करून बघताय, दाराखालच्या पट्टीकडे बोट दाखवताय, त्या पोराला सांगताय, "ती भोकं तेवढी उघडी ठेवा हो, पाणी तिथून जातं." आणि मी मधेच म्हणतो, "बाबा, हे लोक रोज हेच करतात. तुम्ही बाहेर बसा बघू." तुम्ही बाहेर जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलात. परतताना वाटेत दोनदा म्हणालात, काम झकास झालंय. मला ते खरं वाटलं. खरं वाटून घेणं सोयीचंही होतं.

पुढे दर फोनवर मी विचारायचो, गाडी काय म्हणते, आणि तुम्ही म्हणायचात, उत्तम. तुम्ही गेल्यानंतर गाडी विकायची म्हणून गावातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने दाराखाली स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो सरळ आत गेला. काळी साल वरून धडधाकट, आणि आत सगळा लाल भुगा. भोकं बुजल्यामुळे खारट पाणी पट्टीतच साचून राहिलं होतं. त्यातली तीन-चार भोकं मात्र कुणीतरी टोचून मोकळी केलेली होती. कुणी, ते पुढचा कप्पा उघडल्यावर कळलं. आत आईचा गोणी शिवायचा दाभण होता आणि त्याच्या टोकाला ते काळं रबर वाळून बसलं होतं. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "गुडघे दुखायचे तरी खाली शिरायचे. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस, एवढ्या हौसेने केलंय त्याने."

म्हणजे ज्या कामातून तुम्हाला सोडवलं म्हणून मी मिरवत होतो, तेच काम तुम्ही चोरून करत होतात, आणि तेही माझी चूक झाकायला. याची टोचणी अजून गेलेली नाही. इथे सिंगापूरला परवान्याची मुदत संपली की गाडी दहा वर्षांनी सहसा मोडीतच जाते, तिचं पोट कुणी बघत नाही. मीही कधी बघितलं नव्हतं. सेरंगूनच्या घरून चांगी बिझनेस पार्कच्या ऑफिसला जायचं आणि यायचं, संपलं.

तर काल मी तुमच्या नातीला सगळं नीट सांगितलं. जुन्या गाडीवर ते जाड कोटिंग मारू नकोस, पातळ तेल मारून घे, दर वर्षी, थंडीच्या आधी, आणि दाराखालची भोकं उघडी आहेत ना ते स्वतः बघ. तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "हाउ यू नो ऑल धिस? यू अँड आजोबा डिड टुगेदर, इज इट?" मी हो म्हटलं. ती इतकी खूश झाली. म्हणाली, "देन यू कम, वी डू टुगेदर लाह. यू टीच मी."

म्हणून आज सकाळी आमच्या बिल्डिंगच्या कारपार्कमध्ये खोकं फाडून अंथरलं आणि गाडीखाली शिरलो. बाजारातून येणारी शेजारची चिनी बाई वाकून म्हणाली, "अंकल, यू ड्रॉप समथिंग आह?" मी हो म्हटलं, तर बिचारी पिशवी खाली ठेवून माझ्याबरोबर शोधायला लागली. तिला कसंबसं वाटेला लावलं आणि परत आत गेलो. दाराखालून हात फिरवला. भोकं सापडली. करंगळीचं टोक जेमतेम आत जातं. पाठीला सिमेंट टोचत होतं, मान अवघडली होती, आणि तुम्ही इथे तासन् तास कसे पडून राहायचात हे विचारायला कुणी नव्हतं.

हे पत्र कुठे टाकणार? राहील इथेच ड्रॉवरमध्ये. थंडीच्या आधी तिच्याकडे जाणार आहे. आम्ही दोघं शेजारी शेजारी गाडीखाली पडू तेव्हा तिला वाटेल, आपल्या बापाने हे आजोबांबरोबर कितीदा तरी केलंय. बाबा, मी तिला तसं वाटू देणार आहे.