पोळ्याच्या दिवशी जुंपलेली गाडी

श्रावण व. ३०, सोमवार. पोळा.

डोके तापले आहे, म्हणून दिवस मावळायच्या आतच वही उघडली. सकाळी बैल नदीवर धुतले, शिंगे रंगवली, सौ.ने पुरणाचा स्वयंपाक केला, इथवर ठीक. दुपारी तोरणाखाली बैल उभे करायला गेलो तर संपत आपली जोडी घेऊन माझ्या पुढे. हा संपत माझ्या मळ्याचा शेजारी. धुऱ्यावरून, म्हणजे दोन मळ्यांमधल्या बांधावरून, आमचे अकरा वर्षे चालले आहे. दर नांगरटीला तो धुरा वीतभर खातो आणि वर मलाच विचारतो, मास्तर, धुरा बारीक काऊन झाला?

मी म्हटले, मागच्या साली माझी जोडी पुढे होती. तो म्हणाला, मागच्या साली मी तापाने पडलो होतो. अख्ख्या गावासमोर बाचाबाची. माझा हात त्याच्या गळपट्टीपर्यंत गेला होता, पाटील मध्ये पडले म्हणून बरे. मग झडत्या, पोळ्यात बैलांपुढे म्हणायच्या दोन-चार ओळी, सुरू झाल्या. झडतीत कोणीतरी कोणाची तरी टवाळी जोडतोच, तो रिवाजच. यंदा संपतने माझ्या तोंडाकडे बघत म्हटली:

जमादारानं देल्ला कागद, मास्तरानं केली सही,
कागदात काय लेहेलं हाये, मास्तरले ठाव नाही!

हर हर महादेव म्हणायचे सोडून लोक पोट धरून हसले. गावात चोरीमारी झाली की जमादार पंच म्हणून मलाच बोलावतो, कारण माझे अक्षर चांगले आणि मी जुना हेडमास्तर. तीस वर्षे या गावच्या पोरांना वळणदार अक्षर शिकवले, त्याचे हे फळ. हसणारे निम्मे माझेच विद्यार्थी.

शनिवारी वाण्याच्या घरातून तांब्याची घागर व हातात घालायचे चांदीचे गोठ गेले, त्याचा तपास नाही. काल वाणी ठाण्यात सांगून आला. जमादार आज फिरकलासुद्धा नाही.

भाद्रपद शु. १, मंगळवार. पोळ्याची कर.

जमादार उगवला. वऱ्हाड मध्यप्रांताला बांधल्यापासून हे नर्मदेकडचे लोक आमच्या उरावर. त्यांना आमची भाषा नको, आमची भाकरी तेवढी हवी. मला चावडीवर बोलावले. घागर व गोठ त्याच्या पुढ्यात, पंचनामा लिहून तयार. कुठे सापडले म्हणून विचारणार होतो, तेवढ्यात आरोपीचे नाव दिसले. संपत.

“मास्टर, दस्तखत कर दो.”

केली. नेहमीपेक्षा ठळक केली. पुढचे वाचले नाही. धनाजी कोतवालाने खाली अंगठा दिला, त्याला तर वाचताच येत नाही.

दुपारी संपतला दोराने बांधून माझ्या मळ्यावरूनच ठाण्याकडे नेला. पायी. शिपाई पुढे, शिपाई मागे. त्याने माझ्याकडे बघितले. मी वांगी तोडत राहिलो. मनात म्हटले, म्हण आता झडती.

शु. ४, शुक्रवार.

गणपती बसला. मन प्रसन्न. संध्याकाळी मळ्यात जाऊन माझ्या बाजूने धुऱ्याची वीतभर माती ओढून घेतली. अकरा वर्षांची वसुली म्हणा. संपतची बायको कासाई पलीकडे एकटी निंदत होती. तिने पाहिले, बोलली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर जास्त बरे वाटले असते.

चोरी संपतने केली का, देव जाणे. केली असेलही. धुरा चोरणारा घागर सोडील कशाला.

शु. ८, मंगळवार.

समन्स आले. वद्य अष्टमीला तहसीलदारासमोर साक्ष. कोतवालाच्या हाती जमादाराने पंचनाम्याची नक्कल पाठवली आणि निरोप: पाठ करून ठेवा, साक्षीत अडखळू नका. जन्मभर पोरांकडून पाठांतर करून घेतले, आता माझी पाळी.

वाचायला घेतली. लिहिले आहे की श्रावण अमावास्येस सकाळी आम्हा पंचांसमक्ष आरोपीच्या शेतातील बैलांच्या कोठ्यात गव्हाणीखाली उकरले असता घागर व गोठ मिळून आले, आणि मुद्देमाल व आरोपी यांस आरोपीच्याच बैलगाडीत घालून, त्याचेच बैल जुंपून, ठाण्यात रवाना केले.

आधी हसू आले. अमावास्या म्हणजे पोळा! त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू? आदल्या दिवशी खांदे शेकून, तुपाने चोळून, उद्या जेवायला या म्हणून आवतण देतो आपण बैलाला. पोळ्याला कोणी दगावले तर तिरडीचे सामानसुद्धा माणसे डोक्यावर आणतात, गाडी काढत नाहीत. शाळेतल्या बिगरीच्या पोराला विचारा. पण जमादाराला कोण सांगणार? तक्रार आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी माल काढला असे वरच्या साहेबाला दाखवायचे होते, म्हणून तारीख मागे ओढली. आणि माल न्यायचा तर गाडी हवीच, म्हणून गाडी जुंपली. कागदावर बैल काय, जुंपाल तसे जातात.

मग हसू गेले. त्या दिवशी सकाळी संपत नदीवर बैल धूत होता. माझ्यापासून दहा हातांवर. मीच पाहिला. आणि खाली सही माझी.

शु. ११, शुक्रवार.

ठाण्यात जाऊन आलो. जमादाराला पोळ्याचे समजावून सांगितले, पहिलीतल्या पोराला सांगावे तसे. म्हटले तारीख दुरुस्त करा, तेवढी गाडी खोडा. तो दाढी करून घेत होता. कागद साहेबाकडे गेला म्हणाला, आता वेलांटीसुद्धा हलणार नाही. गाडी संपतच्या घरी आहे, बैल आहेत, मग झाले तर. मी म्हटले, मी तिथे नव्हतो. तेव्हा त्याने न्हाव्याचा हात धरून थांबवला.

“मास्टर, पहले के पंचनामे भी आपके ही हैं. एक झूठा निकला तो बाकी का क्या?”

खोट्या साक्षीचे कलम सांगितले. पेन्शनची आठवण दिली. वर माझ्या वांग्यांची चौकशी केली. सहा मैल चालत आलो, वाटेत पाणीसुद्धा प्यायलो नाही. असा माणूस चुलीवरच्या तव्यावर बसवायला हवा.

शु. १२, शनिवार.

सौ.ला सांगितले. ती कांदा चिरत होती, चिरतच राहिली. तिचा राग माझ्यापेक्षा जुना. कासाईच्या गोऱ्ह्याने तिची मेथी तुडवली होती, ते ती अजून विसरलेली नाही. म्हणाली, “धुऱ्यावरचा काटा आपोआप निंगून राह्यला, तुमाले काऊन खुपते? जे लेहेलं ते बोला अन् घरी या.”

वहीबद्दलही बोलली. पोळ्याचे पान फाडा म्हणाली. तिला ठाऊक आहे की असे काही मी वहीत लिहिल्यावाचून सोडत नाही.

पान फाडले नाही. पण जमादाराचे ते बोलणे कानातून जाईना. पहले के भी आपके ही हैं. माळ्यावरून मागल्या सालची वही काढली.

शु. १३, रविवार.

केरबा घिसाडी. गावाच्या शिवेवर पाल टाकून विळे-खुरपी करून द्यायचा. माझे खुरपे त्यानेच केले, अजून धार धरून आहे. मागल्या चैत्रात पाटलांच्या वखराच्या पासा, म्हणजे लोखंडी पाती, चोरीला गेल्या आणि त्याच्या पालात सापडल्या, असा पंचनामा. पंच मी. कोर्टात साक्ष देऊन आलो त्या दिवशीचे पान:

“आज साक्ष झाली. चैत्र व. ५ च्या पंचनाम्यावर. समक्ष पाहिले काय? होय म्हटले. साहेबांनी अक्षराची तारीफ केली. घिसाड्यास एक वर्ष सक्तमजुरी.”

मग चैत्र व. ५ चे पान काढले. माझ्याच वळणदार अक्षरात:

“मलकापुरास बहिणीकडे. गाडी उशिरा. भाचीचे बोलणे जमले. मुक्काम.”

पुन्हा पुन्हा वाचले. त्या दिवशी मी गावात नव्हतो. परत आल्यावर सही केली असणार, तेही लक्षात नाही. होय म्हणताना जीभसुद्धा अडखळली नाही. पासा त्याने चोरल्या की नाही, तेही मला माहीत नाही. त्याच्या बायकोने पाल उचलले, पोरे घेऊन कुठल्या गावी गेली, कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

संपतच्या त्या दोन ओळी. हलकट माणूस, पण खरे बोलला.

वद्य २, गुरुवार.

पाटलांकडे गेलो. पोळा तर सगळ्या गावाने पाहिला, मग चार जण साक्षीला चला म्हटले. पाटलांना डोळे आले आहेत. वाणी म्हणतो, माझी घागर परत मिळाली, मला काय करायचे. बाकीच्यांचे एकच, मास्तर, गर्दी किती होती, कोण कुठे उभा होता कोणाले ठाव. झडतीला पोट धरून हसणारे हेच. झडती कोणी म्हटली तेही आता कोणाला आठवत नाही! जमादाराची भीती वाटते हे सरळ कबूल करतील तर मानीन. थू.

तिसऱ्या प्रहरी कासाई आली. ओट्याच्या खाली उभी राहिली, वर आली नाही. सौ.ने पाणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. संपतच्या वकिलाने तिला सांगितले आहे की सगळे मास्तरच्या तोंडावर आहे. मला वाटले पाया पडेल, रडेल. मग मला नाही म्हणणे सोपे गेले असते.

“मास्तरभाऊ, त्याच्याबद्दल चांगलं बोला असं मी म्हणत नाही. तुमी त्या दिवशी त्याच्याशी भांडले, तेवढंच सांगा. भांडन तर खरं होतं ना?”

ती गेली. सौ.ने ऊन दाखवायला खाटेवर घातलेली कुरडई वाऱ्याने उडाली होती, ती कासाईने जाताना उचलून ठेवली. सौ.ने ते पाहिले. मग माझ्यावरच खेकसली.

वद्य ५, रविवार.

झोप नीट नाही. पेन्शन गेली तर मळा आहे. तुरुंग झाला तर? या वयात खोट्या साक्षीचा कैदी. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एक जण तिथे वॉर्डर आहे म्हणतात. तो उठून उभा राहील की पायऱ्या झाडायला लावील?

आणि कोणासाठी? संपतसाठी! सुटला तर पहिल्याच दिवशी धुरा मोजील आणि वीतभर मातीसाठी माझी आई-माई काढील. त्याच्यावर माझे प्रेम नाही. आज नाही, उद्याही होणार नाही. ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मला देवमाणूस म्हणायला नको.

ओढलेली माती परत ढकलली नाही. ढकलणारही नाही.

वद्य ७, मंगळवार.

जमादार सकाळी दारावरून गेला. घोड्यावरूनच म्हणाला, पाठ झाले का? म्हटले, झाले. खरेच झाले आहे. गव्हाण, घागर, गोठ, गाडी. सगळे ओळीने म्हणून दाखवीन. शेवटी विचारतील, समक्ष पाहिले काय? तिथवर पाठ आहे.

सौ.ने विचारले, काय ठरले? म्हटले, पोळ्याची वही घेऊन जातो. तिने तवा उतरवला. मग म्हणाली, धोतर धुतलेलं घाला.

वद्य ८, बुधवार. सकाळ.

जमादाराने मला न्यायला गाडी पाठवली, सरकारी साक्षीदाराचा मान. परत पाठवली. पायी जातो. संपतला पायीच नेला होता.

सौ. भाकरी बांधून पिशवीत घालायला गेली आणि आत दोन वह्या पाहून थांबली.

“एकच वही नेतो म्हणले होते ना?”

यंदाची वही संपतसाठी. त्याचा वकील पोळ्याचे विचारील, तेव्हा काढून वाचून दाखवायची, झडतीसकट. साहेब हसतील, हसू देत. मागल्या सालची वही कोणी मागितलेली नाही. केरबाला वकील नव्हता. त्याचे वर्ष भरत आले असेल किंवा भरलेही असेल, मी मोजले नव्हते. ती बाहेर काढली तर माझे काय होईल ते जमादाराने दाढी करताना सांगितले आहेच. न काढता परत आणली तर सौ.शिवाय कोणाला कळणारही नाही.

तिला म्हटले, राहू दे, ओझे नाही फार. तिने वही बाहेर काढली नाही. वर भाकरी ठेवली आणि पिशवीचे तोंड बांधले.

निघतो.