विहिरीशेजारचं भोक

मे १९९७, बुधवार, संध्याकाळ

हिच्या गुडघ्याची सूज उतरली. सुनेचा खोकला तेवढा राहिलाय, नात खडखडीत. माझंच मन थाऱ्यावर नाही.

परवा विहिरीशेजारी भोक पाडायची गाडी आली. आमच्या येवल्याकडं अशी गाडी म्हणजे पाण्याची बोअरच, दुसरं काय असणार? मीच हौसेनं नारळ फोडला, माणसांना चहा पाजला. आज त्यांचा साहेब म्हणतो, "बाबा, पाणी नाही, खाली तेल आहे का ते बघतोय. उद्या या भोकात सुरुंग उडवून जमिनीचे हादरे मोजणार, त्यावरून खाली काय आहे ते कळतं."

"अन् विहिरीचे झरे आटले तर?"

"सहसा काही होत नाही."

सहसा! सगळ्या गावाला प्यायला ही एकच विहीर. शेजारची गंगूबाई तोंडावरच बोलली, "नाना, नारळ तुम्ही फोडला, आता हंडेबी तुम्हीच भरा." सगळे हसले. मला नाही हसू आलं. फोडण्याआधी विचारायला काय झालं होतं मला?

पाणी गेलं तर आम्ही देऊ, असं साहेबानं लिहून द्यावं. तोवर उद्या उजाडल्यापासून त्या भोकावर घोंगडी टाकून बसणार. भीती वाटते, खोटं कशाला लिहू? पण बसणार.

हिला अजून सांगितलेलं नाही.